आषाढात उमटवलेले ठसे : गुहागरकडच्या एका स्क्रॅपबुकचे प्रकरण

गुहागर तालुक्यातील आमच्या मूळ घरी गेल्या वर्षी भाद्रपदात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार होती. त्या निमित्ताने तिला तिच्या आयुष्यातील छायाचित्रांचे एक स्क्रॅपबुक द्यावे, असे वहिनींनी चैत्रातच ठरवले होते. गौरी-गणपतीला मुंबई-पुण्याचे सगळे चाकरमानी घरी येतात, तेव्हा गौरीपूजनाच्या दिवशी पंगती उठल्यावर सर्वांच्या देखत वही आईच्या हाती द्यायची, असा बेत होता. मी चिपळूणला राहतो आणि वह्या बांधण्याचा मला बऱ्याच वर्षांचा छंद आहे. तरीही या कामात मला बोलावणे आले ते काम बिघडल्यानंतर, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढे जे लिहिले आहे ते त्या बिघाडाची कारणे शोधताना, आणि नंतर दुरुस्ती करताना, मी टिपून ठेवलेल्या नोंदींवरून लिहिले आहे.

वही बारा इंच चौरस होती. तिची पाने दोरीने ओवलेली असल्यामुळे हवे ते पान सोडवून काढता येत होते, आणि पुढे सगळे निभावले ते या एका गोष्टीमुळे. एकूण २४ पानांपैकी १६ पाने साध्या ड्रॉइंग पेपरची आणि ८ चकचकीत आर्ट कार्डाची होती. छायाचित्रे ६१ होती आणि त्यांपैकी २३ कृष्णधवल. सर्वांत जुन्या छायाचित्रात पाच-सहा वर्षांची आई आजोबांचे बोट धरून दाभोळच्या बंदरात आगबोटीची वाट पाहत उभी आहे. ‘खास’ छायाचित्रांसाठी वहिनींनी मुद्दाम चकचकीत पाने राखून ठेवली होती, त्यामुळे हे छायाचित्रही आर्ट कार्डावरच आले.

सजावटीसाठी वहिनींनी रबरी शिक्के निवडले आणि ती निवड योग्यच होती, असे माझे आजही मत आहे. ज्यांचा हात चित्रकलेत बसलेला नाही त्यांना कोरे पान सजवताना धास्ती वाटते. शिक्क्याने एकच आकृती पुन्हा पुन्हा तशीच उमटवता येते, तिच्यातून काठ तयार होतो, कोपरे भरतात आणि वेगवेगळ्या काळातील छायाचित्रे एका सूत्रात येतात. त्यांच्याकडे बाजारातून आणलेला गुलाबांचा, फुलपाखरांचा आणि रोमन अक्षरांचा पारदर्शक शिक्क्यांचा एक संच होता. याशिवाय शिक्के बनवणाऱ्याकडून करून घेतलेला घराच्या नावाचा एक रबरी शिक्का होता आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीने खोडरबरावर कोरलेले चार लहान शिक्के होते. शाई मात्र वहिनींनी रोजच्या हाताखालची वापरली. त्या एका पतसंस्थेत नोकरी करतात, आणि तिथे कागदपत्रांवर शिक्के मारण्यासाठी असते तसेच एक जांभळे आणि एक काळे स्टॅम्प पॅड त्यांनी घरी आणले होते.

जुलैच्या पहिल्या रविवारी, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, पडवीत बसून त्यांनी आणि पुतणीने सगळी पाने एका दिवसात उमटवून टाकली. ठसे सुरेख आले होते. दहा-पंधरा मिनिटांनी बोट लावून पाहता ड्रॉइंग पेपरवरची शाई बोटाला लागली नाही, म्हणून छायाचित्रे लावण्यात आली. सुदैवाने बहुतेक छायाचित्रे डिंकाने न चिकटवता कोपऱ्यांत अडकवली होती. मग पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून वही मिटली आणि पाने सपाट राहावीत म्हणून ती माजघरात एका ट्रंकेखाली ठेवून दिली. पंधरा दिवसांनी ट्रंक काढली तेव्हा ड्रॉइंग पेपरवरचे ठसे कडांना फुटून केसाळ झाले होते. आर्ट कार्डावरची शाई अजून ओलीच होती आणि तिने समोरच्या पानावर आपली उलटी प्रतिमा उमटवली होती. वर्तमानपत्राची काळी छपाई पाच पानांवर उतरली होती, दोन पानांच्या कडांना पांढरट बुरशी धरली होती, आणि आगबोटीच्या छायाचित्रातील आकाशात एका गुलाबाची जांभळी पाकळी उमटली होती. वहिनींनी फोनवर पहिले वाक्य उच्चारले ते असे, “भावोजी, माझा हात वाईट आहे हो.” हात वाईट नव्हता. ते त्यांना पटवून देण्यासाठीच मी ही तपासणी इतक्या बारकाईने केली.

शाई वाळते म्हणजे काय होते

पतसंस्थेच्या पॅडवरची शाई मुळातच न वाळण्यासाठी बनवलेली असते, हे या प्रकरणाचे मूळ आहे. पॅड दिवसभर उघडे राहिले तरी कोरडे पडू नये म्हणून अशा शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल जातीचे द्रव्य घातलेले असते. ग्लिसरीनचा उत्कलनबिंदू सुमारे २९० अंश सेल्सिअस आहे, त्यामुळे घरातल्या हवेत ते व्यवहारतः उडून जातच नाही. उलट ते हवेतली वाफ स्वतःकडे ओढून घेते. कार्यालयातील कागदावर ही शाई ‘वाळली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती उडालेली नसते, कागदाच्या तंतूंनी ती शोषून घेतलेली असते. कागदाने पिण्याचे नाकारले तर तिला दुसरी वाटच उरत नाही. आर्ट कार्डावर चिनी मातीसारख्या बारीक खनिज भुकटीचा गुळगुळीत, दाट लेप असतो आणि तो या शाईला आत जाऊ देत नाही. म्हणजे त्या आठ पानांवरची शाई पंधरा दिवसांत वाळली नाही, तशी ती दिवाळीपर्यंतही वाळली नसती.

ड्रॉइंग पेपरने शाई प्यायली खरी, परंतु तेवढ्यावर तिचा प्रवास थांबला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला सर्वाधिक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा असतो. मी माजघरात आर्द्रतामापक ठेवला, तेव्हा आठवडाभर सापेक्ष आर्द्रता ८६ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहिली. अशा हवेत कागद स्वतःच दमट होतो, त्यातले ग्लिसरीन आणखी पाणी खेचते, पाण्यात विरघळणारा रंग पुन्हा सुटतो आणि तंतूंच्या वाटेने कडेकडेने सरकत जातो. आपल्या भाषेत याला शाई फुटणे म्हणतात. कागदाला खळ कमी असेल तितकी ती जास्त फुटते. दुपारी मारलेला ठसा संध्याकाळी टोकदार दिसला आणि पंधरा दिवसांनी केसाळ झाला, याचे कारण एवढेच आहे. बुरशीचे कारणही याच आकड्यांत आहे. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली आणि वारा खेळता नसला की कागदावर बुरशी धरू लागते, आणि ट्रंकेखाली वारा कुठून येणार?

जांभळ्या शाईविषयी आणखी एक गोष्ट मला खटकत होती, म्हणून तिची परीक्षा मी पाऊस संपल्यावर वेगळी घेतली. या शाईत बहुधा मिथाइल व्हायोलेट जातीचा रंग असतो. तो गडद असतो आणि स्वस्तही, पण उजेडापुढे टिकत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत ठशांची एक पट्टी खिडकीत लावली आणि तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. महिना सरेपर्यंत उघडा भाग इतका पुसट झाला होता की, झाकलेल्या भागाशेजारी तो दुसऱ्याच शाईचा वाटत होता. कार्यालयाच्या फाइलमध्ये बंद राहणाऱ्या कागदाला याने काही बिघडत नाही. घरातली माणसे वर्षानुवर्षे उजेडात उघडून पाहतील अशा वहीत मात्र ही शाई वापरू नये.

चार शाया, तीन कागद

नवी पाने उमटवण्यापूर्वी मी वहिनींना तीन दिवस थांबायला सांगितले आणि त्याच माजघरात, त्याच दमट हवेत चाचणी लावली. चिपळूणला माझ्या टेबलावर घेतलेली चाचणी गुहागरच्या माजघरासाठी गृहीत धरायला माझे मन तयार नव्हते. पतसंस्थेची जांभळी शाई, हस्तकलेच्या दुकानात मिळणारी रंजकशाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई, तिथलीच रंगद्रव्याची म्हणजे पिगमेंट शाई, आणि तेलकट द्रावणातली कायमची शाई अशा चार शाया घेतल्या. कागद होते ड्रॉइंग पेपर, आर्ट कार्ड आणि सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद. प्रत्येक ठशावर दहा मिनिटांनी, एका तासाने, एका दिवसाने आणि तीन दिवसांनी पांढरा टिपकागद दाबून किती डाग उतरतो ते पाहिले, आणि शेवटी प्रत्येकावर पाण्याचा एकेक थेंब सोडला.

रंजकशाई ड्रॉइंग पेपरवर काही मिनिटांतच कोरडी झाली, पण थेंब पडताच ओघळली. पिगमेंट शाईतील रंगाचे कण विरघळत नाहीत, ते कागदाच्या पृष्ठभागावर आणि तंतूंच्या वरच्या थरात बसतात. म्हणून ती फुटली नाही आणि पाण्यालाही बधली नाही, मात्र ड्रॉइंग पेपरवर तिला पूर्ण एक दिवस लागला आणि आर्ट कार्डावर ती तीन दिवसांनीही पुसली जात होती. कायमची शाई आर्ट कार्डावरसुद्धा बसली आणि पाण्याने हलली नाही. तिचा वास उग्र आहे, आणि पारदर्शक शिक्क्यांवर तिचे डाग राहतात. हातकागदावर सर्वच शायांचे बारीक रेषांचे ठसे मध्ये मध्ये तुटले, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. ठळक आकृत्या मात्र त्याच तुटलेपणामुळे जुन्या भिंतीवरच्या चित्रासारख्या शोभल्या. पुण्याच्या हातकागद संस्थेचे काही ताव माझ्याकडे शिल्लक होते, त्यांतून आर्ट कार्डाच्या आठांपैकी सहा पाने बदलायचे आम्ही ठरवले.

उरलेली दोन पाने चकचकीतच राहावीत, असा वहिनींचा आग्रह होता. त्यांवर पिगमेंट शाईचा ठसा मारून तो ओला असतानाच एम्बॉसिंगची पारदर्शक भुकटी शिंपडली, जादा भुकटी कागदावर झटकून पुन्हा बाटलीत भरली, आणि गरम हवेच्या गनने ती वितळवली. सावकाश वाळणारी शाई इथे हवीच असते, कारण ती ओली आहे तोवरच भुकटी धरून ठेवते. वितळलेली भुकटी थंड झाली की ठशावर चकचकीत, उंच, कोरडा थर बसतो. पुतणीने आधी केस वाळवण्याचा ड्रायर लावून पाहिला होता, पण त्याची हवा पुरेशी तापत नाही आणि तिचा झोत मात्र भुकटी उडवून लावतो. गनची उष्णता छायाचित्राला सोसत नाही, म्हणून हे सगळे काम छायाचित्र लावण्यापूर्वीच व्हायला हवे. पहिल्या वेळी छायाचित्रे लावण्याची जी घाई झाली, ती मी कागदाच्या चुकीपेक्षाही मोठी मानतो. कागद बदलता येतो, दाभोळच्या बंदरातले ते आकाश पुन्हा टिपता येत नाही.

त्या छायाचित्रावरची जांभळी पाकळी स्पिरिटच्या बोळ्याने निघेल का, असे वहिनींनी विचारले होते. मी तसे काही करू दिले नाही. जुन्या कृष्णधवल छायाचित्राचा वरचा थर जिलेटिनचा असतो, रंग त्यात मुरतो आणि घासल्याने तो पसरतो किंवा थरच सोलला जातो. आम्ही छायाचित्र स्कॅन केले, डाग संगणकावर काढला, प्रत वहीत लावली आणि मूळ छायाचित्र पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. पीव्हीसीची पाकिटे मुद्दाम टाळली, कारण त्यांतील मृदुकारक द्रव्ये पुढे छायाचित्राला चिकटतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आहेत. रंग बदलला की त्या साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा कोरड्या करता येतात. आईला हे छायाचित्र डागासकट द्यावे की डागाविना, यावर घरात बराच खल झाला. मूळ जसे आहे तसे जपायचे आणि वहीत स्वच्छ प्रत लावायची, यावर शेवटी सर्वांचे एकमत झाले.

शिक्के कोणते आणि किती

पाने नव्याने करायची झाल्यामुळे मला एक गोष्ट बोलण्याची संधी मिळाली, जी एरवी मी बोललो नसतो. पहिल्या मांडणीत गुलाब आणि फुलपाखरे एवढी दाट होती की, छायाचित्रातला माणूस शोधावा लागत होता. मी सुचवले की, बाजारचा संच बाजूला ठेवावा आणि पुतणीने कोरलेले शिक्केच वापरावेत. माड, होडी, तुळशीवृंदावन आणि रातांबा असे ते चार होते, आणि त्यांतला प्रत्येक आमच्या आगरातून किंवा खळ्यातून उचललेला होता. तिला फार आनंद झाला आणि तिने आणखी एक पोफळीचा शिक्का कोरायला घेतला.

खोडरबरावर कोरताना आकृती उलटी यावी लागते, हे अक्षरांच्या बाबतीत लगेच लक्षात येते, चित्रांच्या बाबतीत नाही. तिने मऊ पेन्सिलीने कागदावर चित्र काढून तो कागद खोडरबरावर पालथा दाबला, म्हणजे उलटी आकृती आपोआप उतरली. तिच्या पहिल्या माडाच्या झावळ्या दाबताच आडव्या पडत होत्या, कारण कोरताना तिने रेषेच्या खालचा भाग आत पोखरला होता. रेषेच्या दोन्ही बाजूंना बाहेरच्या दिशेने उतार राहील असे कोरले की, बारीक रेषेला खालून आधार मिळतो. पोफळ तिने तशीच कोरली आणि ती काडीसारखी सरळ उमटली.

शाई लावण्याची रीतही बदलली. शिक्का पॅडवर आपटण्याऐवजी शिक्का पालथा हातात धरून त्यावर पॅड हलकेच टेकवत गेले की शाई फक्त उंच भागावर बसते आणि खोलगट भागातून नको ते डाग येत नाहीत. पडवीच्या फरशीऐवजी पानाखाली वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली आणि शिक्का न डोलवता सरळ दाबला. घराच्या नावाचा शिक्का मोठा असल्यामुळे त्याला मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांवर वेगळा दाब द्यावा लागला, नाहीतर मधली अक्षरे पुसट येत होती.

मला सर्वांत आवडलेले पान आगराचे आहे. पोफळीच्या शिक्क्याला एकदाच शाई लावून तो लागोपाठ तीनदा उमटवला. पहिला ठसा गडद आला, दुसरा फिका आणि तिसरा धुक्यातल्यासारखा, आणि तीन ठशांतच आगराला खोली आली. पुढच्या माडासाठी आधी माड उमटवून घेतला, मग त्याच आकाराचा कागद कापून त्यावर झाकला आणि मागच्या पोफळी उमटवल्या. झाकण काढल्यावर पोफळी माडाच्या मागे गेल्यासारख्या दिसतात. या पानावर छायाचित्र एकच आहे, विहिरीच्या काठाशी उभ्या असलेल्या तरुण आईचे, आणि तिच्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडली आहे.

पाने उमटवण्याचा क्रम आम्ही असा ठेवला की, एका दिवशी सहाच पाने करायची, ती दोरीवर कपड्यांसारखी चिमट्यांनी टांगायची, खोलीत पंखा चालू ठेवायचा, आणि तीन दिवसांनी टिपकागदाच्या चाचणीत निभावलेले पानच छायाचित्रासाठी घ्यायचे. दोन पानांमध्ये वर्तमानपत्राऐवजी मेण नसलेला पातळ बटर पेपर घातला. कोरलेले खोडरबर मात्र प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवले गेले आणि आठवड्याभरात डब्याच्या तळाला चिकटले, कारण अशा खोडरबरातले मृदुकारक द्रव्य काही प्लॅस्टिकना मऊ करते. रातांब्याच्या शिक्क्याची एक कड त्यात गेली. आता ते कागदात गुंडाळून ठेवलेले असतात.

शेवटचे पान कोरेच राहिले होते. गौरी आल्या त्या संध्याकाळी पुतणी उंबऱ्यापासून माजघरापर्यंत गौरीची पावले काढत होती. तांदळाच्या पिठाच्या कालवणात मुठीची कड बुडवून पाऊल उमटवायचे आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे, ही आमच्या घरची रीत आहे, आणि आई लहानपणापासून ती अशीच करत आली आहे. ते पाहून वहिनींनी ते पान आणून आईपुढे ठेवले. पिठाचे कालवण कागदावर टिकले नसते आणि त्यावर किडे आले असते, म्हणून पांढऱ्या पिगमेंट शाईचे पॅड आईच्या मुठीच्या कडेवर टेकवून घेतले, आणि तिने तपकिरी हातकागदावर दोन पावले उमटवली. ते कशासाठी आहे, हे तिला तेव्हा सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी वही उघडताना ती शेवटच्या पानावर आली, तेव्हा तिने आपली मूठ त्या पावलावर ठेवून पाहिली.

ती दोन पावले चौथ्या दिवशी टिपकागदाच्या चाचणीत कोरडी ठरली. आर्ट कार्डाची जुनी सहा पाने मी तपासणीसाठी चिपळूणला आणली आहेत, आणि त्यांवरची जांभळी शाई शिमग्यापर्यंत बोटाला लागत होती.